लॉटी डॉड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉटी डॉड कोण होती?

शार्लट डॉड, घरचं आणि खेळातलं नाव लॉटी. जन्म 24 सप्टेंबर 1871, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात बेबिंग्टन इथे. तिने विम्बल्डनचं महिला एकेरीचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं: 1887, 1888, 1891, 1892 आणि 1893. पाचही वेळा अंतिम सामन्यात समोर एकच खेळाडू होती, ब्लँच बिंगली (लग्नानंतर हिलयार्ड). टेनिस सोडल्यावर लॉटी हॉकीत इंग्लंडकडून खेळली, गोल्फची ब्रिटिश विजेती झाली आणि 1908 च्या ऑलिंपिकमध्ये तिने तिरंदाजीत रौप्यपदक मिळवलं. 1983 मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

विम्बल्डनची सर्वांत लहान वयाची विजेती लॉटी की मार्टिना हिंगिस?

एकेरीत लॉटी, दुहेरीत हिंगिस. दोघींच्या वयात फक्त तीन दिवसांचा फरक आहे, म्हणून हा घोळ होतो. लॉटीने 6 जुलै 1887 रोजी जिंकलं तेव्हा तिचं वय 15 वर्षं 285 दिवस होतं. हिंगिसने 1996 मध्ये महिला दुहेरी जिंकली तेव्हा ती 15 वर्षं 282 दिवसांची होती. हिंगिसचं एकेरीचं विजेतेपद त्यानंतरच्या वर्षी आलं. त्यामुळे 'विम्बल्डनची सर्वांत लहान विजेती' असं नुसतं कुठे छापलेलं दिसलं, तर आधी एकेरी की दुहेरी ते पाहावं.

ती टेनिस शिकली कुठे?

घरीच. वडील जोसेफ डॉड लिव्हरपूलच्या कापसाच्या बाजारात दलाल होते, पैसा बख्खळ होता आणि घराच्या आवारात दोन टेनिस कोर्टं होती. मोठी बहीण अ‍ॅनी आणि भाऊ विल्यम व अँथनी (टोनी) हे सगळेच खेळणारे. थोरल्या भावंडांबरोबर रोज खेळून ती तयार झाली. पहिली स्पर्धा 1883 मध्ये मँचेस्टरची, वय 11, दुहेरीत बहिणीच्या जोडीला. 1885 मध्ये, तेराव्या वर्षी, ती नॉर्दर्न स्पर्धेच्या अंतिम फेरीत विम्बल्डनची विजेती मॉड वॉटसनकडून 6–8, 5–7 अशी हरली. पुढच्याच वर्षी बाथच्या स्पर्धेत तिने त्याच मॉडला 7–5, 6–4 हरवलं आणि तिची सलग 55 विजयांची मालिका मोडली. वर्तमानपत्रांनी तिला 'छोटा चमत्कार' म्हणायला सुरुवात केली ती याच सुमारास.

विम्बल्डनमध्ये महिलांची स्पर्धा तेव्हा किती जुनी होती?

लॉटीने 1887 मध्ये जिंकलं तेव्हा अवघी तीन वर्षं. पुरुषांची 1877 मध्ये सुरू झाली, महिलांची 1884 मध्ये. पहिल्या वर्षी 13 जणी उतरल्या आणि अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला. मॉडने लिलियन वॉटसनला 6–8, 6–3, 6–3 हरवलं. स्पर्धा तेव्हा वॉर्पल रोडच्या मैदानावर होत असे. आजच्या चर्च रोडवरच्या मैदानात ती 1922 मध्ये गेली, म्हणजे आज दिसणाऱ्या सेंटर कोर्टवर लॉटी कधी खेळलीच नाही.

'चॅलेंज राउंड' म्हणजे काय?

जुने निकाल वाचताना लोक सर्वांत जास्त इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महिला एकेरीत ही पद्धत 1886 ते 1921 होती. गतविजेती मुख्य स्पर्धेत खेळतच नसे. बाकी सगळ्या खेळाडू आपापसात फेऱ्या खेळत. या भागाला 'ऑल कमर्स' म्हणत. त्यात जिंकलेली खेळाडू शेवटी गतविजेतीला आव्हान देई, आणि तो एकच सामना विजेती ठरवी. गतविजेती उतरली नाही, तर ऑल कमर्स जिंकणारी आपोआप विजेती.

लॉटीला हे लावून पाहा. 1886 ची विजेती ब्लँच बिंगली. 1887 मध्ये लॉटीने ऑल कमर्स जिंकून तिला आव्हान दिलं आणि 6–2, 6–0 हरवलं. 1888 मध्ये लॉटी गतविजेती, म्हणून ती थेट शेवटच्या सामन्यात. 1889 मध्ये ती आलीच नाही, त्यामुळे ऑल कमर्सच्या अंतिम फेरीत लेना राइसला हरवून ब्लँच विजेती झाली. 1890 मध्ये ब्लँच उतरली नाही आणि राइस जिंकली. 1891 मध्ये राइसने विजेतेपद राखायला पाऊल टाकलं नाही, म्हणून लॉटी आणि ब्लँच ऑल कमर्सच्या अंतिम फेरीत भिडल्या आणि तोच विजेतेपदाचा सामना ठरला. 1892 आणि 1893 मध्ये लॉटी पुन्हा गतविजेती.

हिशेब असा की पाचपैकी तीन विजेतेपदं (1888, 1892, 1893) तिने त्या त्या वर्षी विम्बल्डनमध्ये एकच सामना खेळून मिळवली.

मग पाच विजेतेपदांची किंमत कमी धरायची का?

आजच्या सात फेऱ्यांच्या, 128 खेळाडूंच्या स्पर्धेशी आकडा लावून तुलना करू नये, हे खरं. तेव्हा मैदानात उतरणाऱ्याच मोजक्या होत्या. 1890 मध्ये तर महिला एकेरीत चारच जणी होत्या, विम्बल्डनच्या इतिहासातला तो नीचांक आहे.

पण विजेतेपदांच्या संख्येऐवजी गुणफलक पाहिले की चित्र बदलतं:

1887: 6–2, 6–0
1888: 6–3, 6–3
1891: 6–2, 6–1
1892: 6–1, 6–1
1893: 6–8, 6–1, 6–4

पाच सामन्यांत 66 गेम जिंकले, 26 गमावले, आणि त्या 26 पैकी 13 एकट्या 1893 मध्ये. समोरची ब्लँच काही ऐरीगैरी नव्हती. तिने स्वतः सहा वेळा विम्बल्डन जिंकलं, शेवटचं 1900 मध्ये. अंतिम सामन्यात लॉटी समोर असली की ब्लँच हरे, आणि तिची सहाही विजेतेपदं लॉटी समोर नसताना आली. आमच्या मते लॉटीचं मोठेपण मोजायचं तर ब्लँचच्या सहा विजेतेपदांवरून मोजावं.

तिचा खेळ इतरांपेक्षा वेगळा कशाने होता?

तीन गोष्टींनी: नेट, स्मॅश आणि पाय.

त्या काळी बहुतेक महिला बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) चेंडू उंच आणि सावकाश परतवत राहायच्या, समोरची चुकेपर्यंत. लॉटी मोठ्या भावांबरोबर खेळून वाढल्यामुळे तिला चेंडू टप्पा पडण्याआधी घ्यायची सवय होती. आखूड चेंडू आला की ती पुढे सरके, व्हॉली मारून मोकळी होई. डोक्यावरून उंच मारलेल्या चेंडूवर (लॉब) बहुतेक जणी मागे पळत, ती डोक्यावरून स्मॅश मारी. फोरहँडला जोर होता आणि चेंडू नेटच्या थोडाच वरून जाई.

तिसरी गोष्ट धावण्याची. स्त्रियांनी नुसती पावलं टाकत चेंडूकडे न जाता जीव तोडून धावायला शिकावं, असा सल्ला तिने लिहून ठेवला आहे. आज यात विशेष वाटणार नाही. पण कमरेला आवळलेला कॉर्सेट आणि घोट्यापर्यंत घागरा असताना धावणं हेच तेव्हा कौशल्य होतं.

व्हॉलीचा डाव फसायचा तो पुढे येतानाचा फटका आखूड पडला तर. समोरची चेंडू बाजूने काढून देई आणि नेटजवळची खेळाडू मधल्यामध्ये अडके. म्हणून खोल फटका मारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा व्हॉली खेळणाऱ्याचा पहिला नियम. त्या काळच्या जड लाकडी रॅकेटने आणि आतड्याच्या तारांनी तो पाळणं आजच्यापेक्षा कठीण होतं.

ती सर्व्हिस खालून का करायची?

जवळजवळ सगळ्याच जणी तशी करत. कॉर्सेट आणि घट्ट बाह्यांमुळे हात डोक्यावर पूर्ण जाईना, हे एक कारण. लॉटीला डोक्यावरून स्मॅश जमत होता, म्हणजे तिला हात उचलता येत नव्हता असं नाही. तरी तिची सर्व्हिस खालूनच, फारशी फिरकी न देता असे. सर्व्हिसने फक्त खेळ सुरू करायचा आणि गुण पुढच्या फटक्यांत कमवायचा, अशी तिची पद्धत. सर्व्हिस हे तिच्या खेळाचं सर्वांत साधं अंग होतं.

कपड्यांचा तिला फायदा मिळाला, हे खरं का?

सुरुवातीला, हो. 1887 मध्ये ती शाळकरी मुलगी होती, त्यामुळे पोटरीपर्यंतचा आखूड घागरा तिला चालून गेला. प्रौढ बायकांना ती मुभा नव्हती. डोक्यावर रुंद काठाच्या हॅटऐवजी पांढरी क्रिकेटची टोपी. पण नुसत्या कपड्यांवर विजय बसवू नये. नंतरच्या विजेतेपदांच्या वेळी ती वयात आलेली होती, तिलाही लांब घागरे घालावे लागत होते आणि 1892 चा 6–1, 6–1 हा निकाल त्याच लांब घागऱ्यातला आहे.

नियम आजच्यासारखेच होते का?

बरेचसे. नेट 1880 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आजच्या मापावर आलं होतं: मध्ये 3 फूट, खांबांजवळ 3 फूट 6 इंच. गुण 15, 30, 40 असेच. टायब्रेक (बरोबरीत अडकलेला सेट एकाच निर्णायक गेमने संपवण्याची पद्धत) मात्र नव्हता, विम्बल्डनमध्ये तो 1971 मध्ये आला. म्हणून 6–8, 8–6 असे सेट दिसतात. मानांकनही नव्हतं, चिठ्ठ्या निघतील तशी जोडी लागे.

1889 आणि 1890 मध्ये ती का खेळली नाही?

1889 मध्ये भावंडांबरोबर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर नौकेची सहल चालू होती, आणि विजेतेपद राखण्यासाठी तिने ती मोडली नाही. तिच्या चाहत्यांचा विरस झाला. 1890 मध्ये ती स्पर्धात्मक टेनिसपासून दूरच होती. दुखापत, वाद, बंदी असलं काही यामागे नाही. हौशी खेळाडूला स्पर्धा हा उन्हाळ्यातला एक कार्यक्रम होता, त्यापलीकडे बांधिलकी नव्हती.

ती आयुष्यात एकदाही हरली नाही, असं वाचलं. खरं आहे?

नाही. विम्बल्डनमध्ये ती कधी हरली नाही. इतरत्र महत्त्वाच्या एकेरी स्पर्धांत पाच पराभव आहेत. शेवटचा 1892 मध्ये आयर्लंडच्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत, लुईसा मार्टिनकडून.

तिने पुरुष विजेत्याला हरवलं होतं का?

ही गोष्ट 1888 ची, डेव्हनमधल्या एक्समथची. समोर अर्नेस्ट रेनशॉ, त्याच वर्षीचा विम्बल्डन विजेता. निकाल रेनशॉच्या बाजूने लागला: 2–6, 7–5, 7–5. म्हणजे लॉटीने पहिला सेट घेतला, सामना हरली. 'हरवलं' असं लिहिणारे बहुधा पहिल्या सेटवरच थांबतात.

दुसरी गोष्ट, सामना सवलतीचा होता. प्रत्येक गेम लॉटीसाठी 30–0 ने सुरू होई. ही सवलत किती मोठी ते पाहा. गेम जिंकायला लॉटीला दोनच गुण हवेत, रेनशॉला निदान चार. दोघं अगदी बरोबरीच्या ताकदीचे धरले, प्रत्येक गुण नाणेफेकीसारखा, तर 30–0 पासून सुरू करणारा 16 पैकी 13 गेम जिंकेल. इतकी सवलत देऊनही शेवटचे दोन्ही सेट 7–5 पर्यंत ताणले गेले आणि रेनशॉ जिंकला. याचा अर्थ दोघांत अंतर मोठं होतं, पण त्या सवलतीच्या हिशेबात ते जवळपास भरून निघत होतं. सवलत ठरवणाऱ्याने माप अचूक घेतलं होतं, असंच म्हणावं लागेल.

अशा सवलती तेव्हा सर्रास असत. कच्च्या खेळाडूला गुण द्यायचे किंवा पक्क्याला उणे गुणांवरून सुरुवात करायला लावायची. त्यामुळे जुन्या निकालांत सवलतीची स्पर्धा आणि खुली स्पर्धा वेगळी काढल्याशिवाय विजय-पराभव मोजू नयेत.

तिच्या नावावर विम्बल्डनचं दुहेरीचं विजेतेपद का नाही?

महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी यांना विम्बल्डनमध्ये अधिकृत विजेतेपदाचा दर्जा 1913 मध्ये मिळाला, तिने टेनिस सोडल्यावर वीस वर्षांनी. तिने दुहेरी खेळली ती इतर स्पर्धांत.

तिला पैसे किती मिळाले?

काहीच नाही. टेनिस हौशी खेळाडूंचं होतं, बक्षीस वस्तूच्या रूपात. 1884 च्या पहिल्या महिला विजेतीला 20 गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी मिळाली होती. आज महिला विजेती उंचावते ते चांदीचं ताट 1886 पासून दिलं जातं, म्हणजे लॉटीच्या वेळी ते आलेलं होतं. खेळण्याचा सगळा खर्च घरचा. वडिलांचा धंदा नसता तर ही कारकीर्द झाली नसती, हे सांगायला संकोच कशाला?

21 व्या वर्षी टेनिस का सोडलं?

1893 चा अंतिम सामना ही तिची विम्बल्डनमधली शेवटची लढत. त्यानंतर ती दुसऱ्या खेळांकडे वळली. तिचं पुढचं आयुष्य पाहिलं तर एक खेळ हाताशी आला, त्यात वरच्या पायरीवर पोचली की पुढचा, अशीच तिची चाल दिसते.

हॉकी आणि गोल्फमध्ये तिने नेमकं काय केलं?

हॉकी तिने 1897 मध्ये हाती घेतली. चेशायरच्या स्पायटल क्लबच्या संस्थापकांत ती होती आणि कर्णधारही. 1899 आणि 1900 मध्ये ती इंग्लंडकडून आयर्लंडविरुद्ध खेळली. 1900 चा सामना इंग्लंडने 2–1 जिंकला, दोन्ही गोल तिचे.

गोल्फला वेळ लागला. टेनिसमध्ये ती पंधराव्या वर्षी शिखरावर होती, गोल्फमध्ये 1898 आणि 1900 ला ब्रिटिश महिला हौशी स्पर्धेच्या उपांत्य फेरीत अडकली. 1904 मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रूनला अंतिम सामन्यात तिने मे हेझलेटला एका होलच्या फरकाने हरवलं. हेझलेट आधीच दोनदा ती स्पर्धा जिंकलेली. टेनिस आणि गोल्फ या दोन्हींत ब्रिटनची विजेती झालेली ती पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्पर्धेला फिलाडेल्फियाजवळ गेली आणि पहिल्याच फेरीत बाद होऊन परतली.

1908 च्या ऑलिंपिकमधलं तिरंदाजीचं पदक कसं मिळालं?

लंडन ऑलिंपिक, व्हाइट सिटी मैदान. 25 महिला स्पर्धक, सगळ्या ब्रिटनच्याच. स्पर्धा 'डबल नॅशनल राउंड'ची होती. एका राउंडमध्ये 60 यार्डांवरून 48 बाण आणि 50 यार्डांवरून 24 बाण, म्हणजे 72. दोन दिवसांत दोन राउंड, एकूण 144 बाण. मीटरमध्ये सांगायचं तर सुमारे 55 आणि 46 मीटर.

गुण रंगांवर: मधला सोनेरी 9, लाल 7, निळा 5, काळा 3, बाहेरचा पांढरा 1. आज मोजतात तसे 10 पासून 1 पर्यंत नाही. त्यामुळे कमाल गुण 1296.

पहिल्या दिवसाअखेर लॉटी आघाडीवर होती. दुसऱ्या दिवशी क्वीनी न्यूऑलने तिला मागे टाकलं. अंतिम गुण: न्यूऑल 688, लॉटी 642, बीट्रिस हिल-लो 618. न्यूऑल तेव्हा 53 वर्षांची होती. त्याच ऑलिंपिकमध्ये लॉटीच्या भावाने, विल्यमने, पुरुषांच्या तिरंदाजीत, डबल यॉर्क राउंड या प्रकारात, सुवर्णपदक जिंकलं.

या पदकाबद्दल एकच खबरदारी. लॉटीला 'ऑलिंपिक टेनिसपटू' असं लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. ऑलिंपिकमध्ये महिला टेनिस 1900 मध्ये आलं, आणि लॉटीने ते सात वर्षं आधीच सोडलं होतं.

बर्फावरच्या खेळांचं काय?

1890 च्या दशकात ती हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला जाई. तिथे तिने स्केटिंगची महिलांची परीक्षा दिली आणि मग पुरुषांसाठी असलेली अवघड परीक्षाही उत्तीर्ण झाली. क्रेस्टा रनच्या बर्फाच्या घसरणीवरून ती घसरगाडी चालवी, आणि टोनी व गिर्यारोहक एलिझाबेथ मेन यांच्याबरोबर आल्प्समधल्या शिखरांवर चढली.

पुढे तिचं काय झालं?

पहिल्या महायुद्धात तिने बर्कशायरमधल्या लष्करी इस्पितळात रेड क्रॉसची सेवा केली आणि त्याबद्दल पदक मिळालं. लग्न केलं नाही. 27 जून 1960 रोजी हॅम्पशायरमधल्या स्वे इथे, 88 व्या वर्षी तिचं निधन झालं. विम्बल्डन चालू होतं आणि ती रेडिओवर सामन्यांचं वर्णन ऐकत होती.

भारतातून विम्बल्डनमध्ये जिंकणारी पहिली महिला कोण?

मुंबईच्या लीला राव. 1934 मध्ये त्यांनी तिथे एकेरीचा सामना जिंकला. त्यांच्या आई क्षमा राव यांना संस्कृतचे वाचक कवयित्री म्हणून ओळखतात.

जुन्या वर्तमानपत्रांत तिचे निकाल शोधायचे आहेत. कसे शोधावेत?

आधी आडनाव नीट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एकच 'डी' आहे. दोन 'डी' लिहून शोधलं तर दुसरीच माणसं हाती येतात, आणि तेव्हाच्या बातमीदारांनीही ही चूक केली आहे, म्हणून दोन्ही स्पेलिंगनी शोधावं.

मग आद्याक्षरं. निकालात पहिलं नाव सहसा नसतं. 'मिस एल. डॉड' ही आपली लॉटी. 'मिस ए. डॉड' ही बहीण अ‍ॅनी, आणि नुसतं 'ए. डॉड' असेल तर भाऊ अँथनी. मिश्र दुहेरीत हे दोघे हमखास एकमेकांत मिसळतात. तसंच 1887 च्या विम्बल्डनपर्यंतची 'मिस बिंगली' आणि 1888 पासूनची 'मिसेस हिलयार्ड' ही एकच व्यक्ती. तिचं लग्न 1887 च्या अंतिम सामन्यानंतर त्याच महिन्यात झालं. हे माहीत नसेल तर लॉटीने दोन वेगळ्या खेळाडूंना हरवलं असं वाटतं.

त्यानंतर सामना कोणता ते ठरवा: ऑल कमर्स, चॅलेंज राउंड, सवलतीचा की मैत्रीपूर्ण. समोर 'डब्ल्यू. ओ.' (वॉकओव्हर) असेल तर ती पुढे चाल, सामना झालेलाच नाही, त्यामुळे विजयांत मोजू नये. आणि गुणफलक नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला असतो. रेनशॉच्या सामन्याचं 2–6, 7–5, 7–5 हे रेनशॉच्या बाजूचं आहे. ते लॉटीच्या बाजूने वाचलं की लगेच तिने पुरुष विजेत्याला हरवल्याची बातमी तयार होते.